इंजिनाला हजारो, क्लचला छदाम नाही

अमेरिका आणि कॅनडाच्या डोंगरी भागात बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचा, म्हणजे स्नोमोबाइलचा, मोठा बाजार आहे. डिसेंबर ते एप्रिल हा त्यांचा हंगाम. शौकीन लोक नवी गाडी घेतात आणि तिच्यावर पुन्हा खर्च करतात. कोणी टर्बो बसवतो, कोणी लांब ट्रॅक घालतो, कोणी सायलेन्सर बदलतो. या सुधारणांवर हजारो डॉलर जातात. पण ती वाढलेली ताकद बर्फापर्यंत पोहोचवणारा जो भाग आहे, तो क्लच, त्याच्या जुळणीसाठी चार-पाचशे डॉलर काढायचे म्हटले की गिऱ्हाईक मागे सरते आणि दुकानदारही तो विषय काढत नाही. आमचे स्पष्ट मत आहे की हा व्यवहार खोटा आहे. ज्याने ताकद विकली त्याने ती ताकद जुळवूनही दिली पाहिजे. क्लचची जुळणी झाली नसेल तर तो माल अर्धाच दिला असे समजावे.

वाचकांना प्रश्न पडेल की बर्फातल्या गाडीचा आणि आपला संबंध काय? संबंध आहे, आणि तो आपल्या दारातच उभा आहे. १९८० च्या दशकात पुण्याच्या कायनेटिकने जपानच्या होंडाबरोबर बिनगियरची स्कूटर बाजारात आणली. पुढे ॲक्टिव्हा आणि तिच्यासारख्या गाड्यांनी रस्ते भरून गेले. या साऱ्या स्कूटरमध्ये गियरच्या जागी दोन पुल्या आणि एक बेल्ट असतो. पुढच्या पुलीत छोटे रोलर असतात. वेग वाढला की ते बाहेर सरकतात, पुलीच्या दोन थाळ्या जवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि गाडी जणू वरच्या गियरमध्ये जाते. हे रोलर झिजून चपटे झाले की काय होते ते प्रत्येक स्कूटरवाल्याला ठाऊक आहे. इंजिन ओरडते आणि गाडी जागची हलत नाही! स्नोमोबाइलचा क्लच हा याच घराण्यातला आहे. फरक इतकाच की स्कूटरचे इंजिन सात-आठ घोड्यांचे आणि डोंगरी स्नोमोबाइलचे दीडशेच्या पुढचे. हॉलंडमध्ये हुब फान डोर्ने यांनी याच तत्त्वावर १९५८ साली डाफ ही मोटार काढली होती. त्यानंतरच्या वर्षी, १९५९ मध्ये, कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या व्हॅलकोर्ट गावी जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांनी स्की-डू ही स्नोमोबाइल आणली. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रोझो गावी पोलारिस कंपनी १९५४ पासून आहे. आज डोंगरी गाड्यांच्या बाजारात याच दोन घराण्यांची मुख्य चढाओढ चालते.

आता क्लचची हिकमत समजून घेऊ, म्हणजे भांडण कशाचे आहे ते कळेल.

दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनाची फितरत अशी असते की ते आपली पूरी ताकद फार अरुंद जागेत देते. स्की-डूच्या ८५० सीसीच्या इंजिनाचे उदाहरण घ्या. त्याचे सुमारे १६५ घोडे मिनिटाला ७,९०० फेऱ्यांच्या आसपास मिळतात. तीन-चारशे फेरे खाली उतरले की इंजिन दबते, वर गेले की नुसता आवाज होतो आणि ताकद गळते. म्हणून क्लचचे खरे काम एकच आहे. चालकाने थ्रॉटल पूर्ण उघडली की गाडी ताशी वीस किलोमीटरने जात असो की सत्तरने, इंजिन त्याच ठरल्या फेऱ्यांवर धरून ठेवायचे. गाडीचा वेग बदलावा, इंजिनाचे फेरे बदलू नयेत. फेरामापकाचा काटा चढावर तसाच उभा राहिला तर क्लच जुळला आहे.

हे काम चार वस्तू मिळून करतात. इंजिनावरच्या पुढच्या क्लचात वजने असतात. पोलारिसच्या अनेक वर्षे चाललेल्या क्लचात तीन हात असतात आणि प्रत्येकावर ग्रॅममध्ये मोजलेले वजन. इंजिन फिरले की ही वजने बाहेर फेकली जातात आणि थाळ्या दाबतात. त्यांना रोखून धरते ती स्प्रिंग. मागच्या क्लचात आणखी एक स्प्रिंग असते आणि एक तिरक्या खाचांचा तुकडा, त्याला हेलिक्स म्हणतात. वजन वाढवले की इंजिनाचे फेरे खाली येतात, कमी केले की वर जातात. पुढची स्प्रिंग कडक केली की फेरे वर जातात. तिच्या सुरुवातीच्या जोरावर गाडी किती फेऱ्यांना जागची हलणार ते ठरते, शेवटच्या जोरावर पूर्ण वेगाला फेरे किती राहणार ते ठरते. हेलिक्सचा कोन जास्त असेल तर क्लच लवकर वरच्या गियरकडे धावतो. कोन कमी असेल तर बेल्ट घट्ट धरला जातो, फेरे चढे राहतात आणि थ्रॉटल सोडून पुन्हा दिली की क्लच चटकन खालच्या गियरला परततो. झाडांमधून वाट काढताना या परतण्याला फार किंमत असते, कारण तिथे क्षणाक्षणाला थ्रॉटल सुटते आणि पुन्हा लागते. सपाट तळ्यावर धावणाऱ्या गाडीवाल्याला त्याची फिकीर नसते.

चारही वस्तू एकमेकींच्या भरवशावर चालतात. एकीला हात लावला की बाकीच्या तिघींचा हिशेब बदलतो. ओलाव ऑएन या विस्कॉन्सिनच्या कारागिराने क्लच जुळणीवर एक आख्खे पुस्तक लिहिले आणि कित्येक वर्षे शर्यतवाले त्यावरून शिकले. पुस्तक लिहावे लागले यावरूनच समजावे की हा पाना-पकडीचा अर्ध्या तासाचा खेळ नाही.

यात उंचीचा प्रश्न मिसळतो. उंचावर हवा विरळ. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के कमी होते असा हिशेब सर्वजण धरतात. वायोमिंगमधील टॉगवोटी खिंड ९,६५८ फुटांवर आहे. समुद्रसपाटीला १६५ घोडे देणारे इंजिन तिथे १२० च्या आसपास येऊन थांबते. मिनेसोटाच्या मैदानात, हजार फुटांवर, जुळवलेली गाडी कोणी तशीच उचलून तिथे नेली तर तिची वजने त्या अशक्त झालेल्या इंजिनाला जड पडतात. फेरे उतरतात, इंजिन दबते, आणि गाडीत काही बिघाड नसताना मालक कंपनीला बोल लावतो. इंधनाचे प्रमाण आजची गाडी स्वतः बदलते, पण क्लचातले वजन कोणताही संगणक बदलत नाही. ते हाताने बदलावे लागते. कंपन्या म्हणूनच उंचीप्रमाणे वजनांचा तक्ता देतात. स्की-डूच्या टीआरए क्लचात तर बाहेरूनच फिरवायची सहा घरांची सोय होती. एक घर फिरवले की साधारण २०० फेऱ्यांचा फरक. सोय उत्तम, पण तीही थोडा फरक भरून काढण्यापुरती.

आता सुधारलेल्या गाडीकडे येऊ, कारण खरा गोंधळ इथेच होतो.

टर्बो बसवला की वरचा उंचीचा हिशेब कोलमडतो. टर्बो हवा कोंबून भरतो, म्हणून उंचावरही ताकद बरीचशी टिकते. स्की-डूने २०२० च्या मॉडेलपासून कारखान्यातूनच टर्बो लावलेली टू-स्ट्रोक डोंगरी गाडी विकायला काढली, पोलारिसने २०२२ च्या मॉडेलपासून. त्या गाड्यांचा क्लच कारखान्याने त्या ताकदीसाठीच जुळवलेला असतो. पण बाहेरून टर्बो बसवणारा मालक जुना तक्ता बघतो. तक्ता म्हणतो, नऊ हजार फुटांवर हलके वजन घाला. तो हलके वजन घालतो. इंजिन मात्र आता पूर्वीपेक्षा किती तरी बलवान झालेले असते. ते हलकी वजने जुमानत नाही, फेरे ठरल्या जागेच्या वर पळतात, बेल्टवर पुरेसा दाब येत नाही, बेल्ट घसरतो आणि तापतो. मालक खूश असतो, कारण आवाज जबरदस्त येतो! शेजारचा साधा गाडीवाला चढावर पुढे निघून गेला की मग तो विचार करू लागतो.

उलट चूकही होते. कोणी सांगते की टर्बोला जड वजन लागते, म्हणून एकदम पाच-सहा ग्रॅम वाढवतात. पण टर्बोची ताकद पहिल्या क्षणी येत नाही, दाब तयार व्हायला थोडा अवकाश लागतो. तेवढ्यात जड वजनांनी इंजिनाचा गळा धरलेला असतो. गाडी सुरुवातीला गुदमरते आणि नंतर धक्क्याने उसळते. अशा ठिकाणी एकूण वजन किती यापेक्षा ते हाताच्या मुळाशी आहे की टोकाशी, हे महत्त्वाचे ठरते. मुळाकडचे वजन सुरुवातीला काम करते, टोकाचे पुढे. म्हणून टर्बोवाल्यांसाठी बारीक स्क्रू किंवा चकत्या घालून जागोजागी वजन बदलता येईल असे हात बाजारात मिळतात. वस्तू चांगली आहे. पण ती घेणाऱ्यापैकी कितीजणांना मुळाचे आणि टोकाचे वजन वेगळे का करायचे हे दुकानात समजावून सांगितले जाते?

लांब ट्रॅकचेही तसेच. १५४ इंचांचा काढून १७४ इंचांचा आणि तीन इंची पाती असलेला ट्रॅक घातला की गाडी खोल बर्फावर तरंगते, हे खरे. पण इंजिनावर ओझे वाढते. तिथे आधी चेनकेसमधील गियर उतरवावा लागतो, मग क्लचला हात. खोल बर्फाच्या चढावर पूर्ण थ्रॉटलमध्येही गाडी मुश्किलीने साठ-सत्तरच्या वेगाला पोहोचते. उंच गियर ठेवला तर क्लच निम्म्या वाटेवरच अडकून राहतो आणि बेल्ट कायम लहान घेरात पिळला जातो. कापडाच्या धंद्यातील माणसाला ही गोष्ट पटकन कळेल. मागाला मोठी मोटर लावली आणि पुलीचा हिशेब केला नाही तर कापड वाढत नाही, ताणा तुटतो.

या बाजारात तयार किटची पद्धत आहे. वजने, दोन स्प्रिंगा आणि हेलिक्स एका डब्यात घालून टपालाने पाठवतात. त्यात आम्हाला आक्षेप नाही. चांगल्या कारागिराने शेकडो गाड्यांवरच्या तजुर्ब्यातून तयार केलेला किट हा अडाणी अंदाजापेक्षा कधीही बरा. आक्षेप आहे तो ‘लावा आणि विसरून जा’ या जाहिरातीला. किट बनवणाऱ्याला तुमची उंची ठाऊक नाही, तुमचे वजन ठाऊक नाही, तुमच्या क्लचातील बुश किती झिजले आहेत हेही ठाऊक नाही. ब्रिटिश कोलंबियातील रेव्हलस्टोक गावाभोवती लोक साधारण दोन हजार मीटरपर्यंत चढतात, वायोमिंगच्या स्नोई रेंजमध्ये त्याहून हजार मीटर वर. एकच डबा दोन्हीकडे एकसारखा कसा चालेल? किट म्हणजे शिंप्याने मापाच्या अंदाजाने कापलेला कपडा. अंगावर घालून बघितल्याशिवाय पक्की शिलाई मारत नाहीत.

काही समजदार लोक दुसऱ्या टोकाला जातात. ते म्हणतात, कारखान्यातील इंजिनियर आपल्यापेक्षा शहाणे, क्लचला हात लावूच नये. ज्याची गाडी कारखान्यातून आली तशीच आहे त्याच्यासाठी हा सल्ला शंभर टक्के योग्य आहे. त्याने उंचीचा तक्ता पाळावा आणि क्लच साफ ठेवावा, बस्स. पण ज्याने इंजिन बदलले, ट्रॅक बदलला, त्याच्यासाठी कारखान्याचा हिशेब संपला. तो हिशेब कारखान्याच्या ताकदीसाठी आणि कारखान्याच्या ट्रॅकसाठी केलेला होता. निम्मी गाडी आपली आणि निम्मा हिशेब कंपनीचा, असे चालत नाही.

जुळणी करणाऱ्या उस्तादाची पहिली ओळख म्हणजे तो नवे काही बसवण्याआधी जुने तपासतो. रोलर, पिना, बुश झिजले आहेत का, स्प्रिंग बसकी झाली आहे का, दोन्ही क्लच एका रेषेत आहेत का, त्यांच्यातले अंतर बरोबर आहे का, थाळ्यांवर बेल्टची काळी भुकटी साचली आहे का. झिजलेल्या क्लचवर केलेली जुळणी म्हणजे खोट्या काट्यावर केलेले वजन. नंतर तो वजने स्वतःच्या काट्यावर तोलतो, ग्रॅमच्या दशांशापर्यंत, कारण हात एकमेकांशी जुळले नाहीत तर क्लच थरथरतो. डब्यावर छापलेल्या आकड्यावर तो भरवसा ठेवत नाही.

मग कसोटी. ती गावातल्या रस्त्यावर होत नाही, ज्या बर्फावर आणि ज्या उंचीवर गाडी चालणार तिथेच करावी लागते. गाडी आधी चांगली तापली पाहिजे. टू-स्ट्रोकचा पाइप थंड असतो तेव्हा इंजिन आपली ताकद कमी फेऱ्यांवर देते, तापला की ती जागा वर सरकते. थंड गाडीवर घेतलेला आकडा म्हणून फसवा असतो. एकच चढ, काही सेकंद पूर्ण थ्रॉटल, आणि डोळा फेरामापकावर. सुरुवातीपासूनच फेरे जास्त असतील तर वजन वाढवायचे. सुरुवातीला बरोबर आणि वेग वाढल्यावर उतरत असतील तर स्प्रिंगच्या शेवटच्या जोराकडे किंवा हेलिक्सकडे बघायचे. प्रत्येक हातामागे दोन ग्रॅमचा फरक केला की साधारण दीडशे-दोनशे फेऱ्यांचा फरक पडतो, हा मोटा हिशेब. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. दोन वस्तू एकदम बदलणारा माणूस नशिबाने जिंकला तरी का जिंकला हे त्याला कळत नाही.

या साऱ्याला एक दिवस जातो, कधी दोन. हा दिवस दुकानदाराला बिलात लावता येत नाही, आणि तिथेच सारी मेख आहे. डब्याची किंमत गिऱ्हाईक देते, मेहनतीची किंमत देताना कां-कूं करते. म्हणून दुकानदारही डबा विकून मोकळा होतो. नवी टर्बो गाडी आज वीस हजार डॉलरच्या आसपास जाते. यामाहाने २०२३ मध्ये स्नोमोबाइलच्या धंद्यातून बाहेर पडण्याची घोषणा केली आणि २०२५ चे मॉडेल शेवटचे ठरवले. आर्क्टिक कॅट २०२५ मध्ये दुसऱ्या मालकाकडे गेली. अशा काळात आहे ती गाडी आणखी काही हंगाम चालवण्याकडे माणसाचा कल होणार, आणि जुळणी जाणणाऱ्या कारागिराची गरज वाढणार. त्याच्या हाताच्या कामाला किंमत मिळाली नाही तर तोही उद्या डबेच विकू लागेल.

नुकसानीचा हिशेब करायचा तर बेल्टपासून करावा. एक चांगला बेल्ट दोनशे डॉलरच्या घरात जातो. जुळलेल्या क्लचवर तो हंगाम काढतो, न जुळलेल्या क्लचवर एका दिवसात दोन जातात. क्लचच्या थाळीला हात लावला आणि हात ठेववत नसेल तर बेल्टचे दिवस भरले असे जाणकार सांगतात. तुटताना बेल्ट एकटा जात नाही. त्याचे तुकडे क्लचात गुंडाळतात, शेजारच्या वायरी, नळ्या, कव्हर फाडतात.

पैशाचे नुकसान भरून येते. डोंगरावरची गोष्ट निराळी आहे. हिमलोट येऊ शकेल अशा उतारावर एका वेळी एकच गाडी चढवायची आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून बघायचे, हा तिथला पहिला नियम. कोणी मध्येच अडकला तर मदतीला दुसऱ्याने वर जाऊ नये, असेही शिकवतात, कारण दोन गाड्यांच्या भाराने सारा उतार सुटू शकतो. आता विचार करा, क्लच गुदमरल्यामुळे किंवा बेल्ट तुटल्यामुळे गाडी अशा उताराच्या मध्यावर थांबली तर तो माणूस एकटा असतो. वाऱ्याने भरलेल्या बर्फाखाली उभा राहून त्याने कव्हर उघडायचे आणि बेल्ट बदलायचा. विक्रेत्याने ‘थोडे फेरे कमी-जास्त असले तर काय बिघडते’ म्हणताना हे चित्र डोळ्यांसमोर आणावे.

आपल्याकडे गुलमर्गला साडेआठ हजार फुटांवर पर्यटकांना स्नोमोबाइलवर फिरवतात आणि महाराष्ट्रातील पुष्कळ कुटुंबे तिथे जातात. त्या भाड्याच्या गाड्या आहेत, शर्यतीच्या नाहीत, पण विरळ हवेचा कायदा त्यांनाही लागू आहे. मागे दोन माणसे बसवून दिवसभर चढ-उतार करणाऱ्या गाडीचे बेल्ट आणि वजने उंचीप्रमाणे ठेवली तर मालकाचाच खर्च वाचेल.

आमची सूचना साधी आहे आणि तिला कायद्याची गरज नाही. सुधारित गाडी ताब्यात देताना दुकानदाराने बिलासोबत एक कागद द्यावा. प्रत्येक हाताचे वजन किती ग्रॅम, पुढची आणि मागची स्प्रिंग कोणती, हेलिक्सचा कोन किती, चेनकेसमध्ये किती दातांचे गियर, कोणत्या उंचीवर आणि किती थंडीत कसोटी घेतली, आणि पूर्ण थ्रॉटलवर किती फेरे मिळाले. खाली सही. गाडी पुढे विकली गेली तर हा कागदही नव्या मालकाकडे जावा. जुनी सुधारलेली गाडी घेणाऱ्याने टर्बोचा ब्रँड विचारण्याआधी हा कागद मागावा, आणि तो मिळाला नाही तर क्लच नव्याने जुळवण्याचा खर्च किमतीतून वजा करून भाव सांगावा.